उखळ की उरवळ? घरगुती मालाच्या नावासाठी डिस्प्ले फॉन्ट निवडताना

काळा मसाला, शेंगाचटणी, येसर, वाकळ, हिमरूची शाल, काहीही विकायला काढलं की आधी पाकिटाचा खर्च आणि मग लेबलचा. लेबलवरचं नाव कोणत्या अक्षरांत असावं हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा डीटीपीवाल्याच्या काउंटरवर उभ्या-उभ्या सुटतो. तो चार फॉन्ट दाखवतो, त्यातल्या सगळ्यात नटलेल्यावर ताई बोट ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी हजार स्टिकर छापून येतात. मग बरणीवरचं नाव वाचता येत नाही म्हणून गिऱ्हाईक विचारतं, "कशाचं आहे हो हे?"

डिस्प्ले फॉन्ट म्हणजे मोठ्या आकारात, दोन-चार शब्दांपुरता वापरायचा फॉन्ट: पाटी, शीर्षक, मालाचं नाव. त्यात जाड-बारीक रेषांचा खेळ असतो, गोलाई असते, ठसका असतो. परिच्छेदभर मजकूर त्यात लिहिला तर डोळे दुखतात. त्याचं काम एकच, नाव लांबून दिसावं आणि लक्षात राहावं.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. फॉन्ट मालाच्या स्वभावावरून निवडू नका, नावातल्या अक्षरांवरून निवडा. "माल पारंपरिक आहे म्हणून पारंपरिक फॉन्ट" हा विचार चुकीचा नाही, पण तो पुढच्या पायरीवरचा आहे. पहिल्या पायरीवर फक्त एवढंच बघायचं की तुमच्या नावातली नेमकी अक्षरं त्या फॉन्टमध्ये कशी दिसतात.

नाव सुटं करून बघा

समजा, मसाल्याचं नाव "उखळ" ठरलं. छोटं नाव, आपल्याकडच्या घराघरांतलं, जोडाक्षर एकही नाही. वरवर बघता कुठलाही फॉन्ट चालेल असं वाटतं. पण मधला "ख" घात करतो. ख म्हणजे "र" आणि "व" यांची खालून पडलेली गाठ. ती गाठ घट्ट बसली तर ख, सैल पडली तर "रव". अनेक सजावटी फॉन्टांत ती सैलच असते आणि नाव "उरवळ" असं वाचलं जातं. तुम्हाला ते कधीच दिसणार नाही, कारण नाव तुम्हाला पाठ आहे. पहिल्यांदा वाचणाऱ्याला मात्र लगेच दिसेल.

अशी घात करणारी अक्षरं ठरलेली आहेत. "ब" आणि "व": जाड फॉन्टमध्ये ब-च्या पोटातली तिरकी रेघ शाईने भरून जाते, मग बेसनाचं वेसन होतं. "घ" आणि "ध", तसंच "भ" आणि "म": यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेतल्या फटीवर आणि एखाद्या बारीक गाठीवर तोललेला असतो. शिरोरेषा नसलेला फॅशनेबल फॉन्ट घेतला की भाकरीची "माकरी" व्हायला वेळ लागत नाही. "थ" आणि "य", "ष" आणि "प" यांचंही तेच.

मग जोडाक्षरं. आपल्याकडे बचत गटाच्या नावात "गृहउद्योग" हमखास असतो. हा एक शब्द फॉन्टची निम्मी परीक्षा घेतो. "गृ"मधला ऋकार नीट बसतो का? "द्यो" जुळून येतो, की द-चा पाय मोडून शेजारी "यो" उभा राहतो? "लक्ष्मी"तला "क्ष्मी" तीन व्यंजनांचा असतो, तो नीट जुळतो का? "शेतकऱ्यांची हळद" लिहिताना "ऱ्य" तसाच राहतो, की "र्य" होऊन "शेतकर्यांची" दिसतो? बाजारातल्या पाकिटांवर हा दोष इतका दिसतो की लोकांची नजरही मरून गेली आहे. तुमच्या पाकिटावर तो नसला तर बरं.

अर्धचंद्राकडेही लक्ष असू द्या. "ग्रॅम", "पॅक", "ऑरगॅनिक" या शब्दांतला चंद्र काही फॉन्टांत नसतोच, तिथे रिकामी चौकट येते किंवा दुसऱ्याच फॉन्टमधला चंद्र उसना आणलेला दिसतो. रुपयाच्या चिन्हाचंही असंच होतं.

म्हणून कुठलाही फॉन्ट आवडला की आधी हा मजकूर टाइप करा: तुमचं नाव, मग "श्री, गृहउद्योग, लक्ष्मी, शेतकऱ्यांची, मेतकूट, खारवडी, भाकरी, बेसन, ५०० ग्रॅम". यात जो फॉन्ट अडखळला तो बाद. तो कितीही देखणा असला तरी बाद.

ल आणि श

"ल" आणि "श" यांची दोन-दोन रूपं चालतात. मराठीतला ल पाकळ्यांचा, हिंदीतला उभ्या दांड्याचा. श-चंही तसंच: मराठीत देठाचा श, हिंदी छपाईत शेंडीफोड्या. महाराष्ट्र शासनाच्या २००९ सालच्या वर्णमालेच्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं मराठीसाठी धरली आहेत. बहुतेक देवनागरी फॉन्ट मूळ हिंदीची सवय धरून काढलेले असल्याने टाइप केल्याबरोबर समोर येतात ती हिंदी रूपं. ५, ८ आणि ९ या अंकांतही असाच फरक पडतो.

गिऱ्हाईक त्यावरून माल परत करणार नाही, हे खरं. पण "लातूरची शेंगाचटणी" हे नाव शेंडीफोड्या श-मध्ये छापलं की पाकीट कुठून तरी बाहेरून आल्यासारखं वाटतं, आणि गावचा माल म्हणून विकायचा असेल तर हा फरक महागात पडतो.

चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं आत ठेवलेली असतात. मजकुराची भाषा "मराठी" अशी सांगितली की मराठी रूप वर येतं. लिब्रे ऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा मराठी करा. ॲडोबीच्या इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारा पर्याय) चालू करून अक्षरांच्या पट्टीत मराठी निवडा. नोटो सान्स देवनागरीवर हा प्रयोग करून बघा, ल बदललेला दिसेल. टिरो देवनागरी तर मराठी, हिंदी आणि संस्कृतसाठी वेगवेगळाच काढलेला आहे. मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये भाषा सांगायची सोयच नसते. तिथे जे रूप दिसतं तेच छापलं जातं. तुमच्या नावात ल किंवा श नसेल तर हा सगळा भाग सोडून द्या. "उखळ"ला त्याची गरजच नाही.

फॉन्ट कुठून घ्यायचा आणि कोणता

आपल्याकडच्या डीटीपी सेंटरांत अजून श्री-लिपीसारखे जुने संच सर्रास चालतात. त्यांत काही अक्षरं खरोखर सुरेख आहेत. अडचण अशी की जुन्या, युनिकोड (कुठल्याही मशीनवर अक्षर तेच ओळखलं जाईल अशी पद्धत) नसलेल्या संचातला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की त्याचा गोंधळ होतो, आणि तुम्ही स्वतः मोबाइलवर तो वापरू शकत नाही. दुकानदाराकडे परवाना असला तरी तो त्याच्या मशीनपुरता. म्हणून नव्याने सुरुवात करताना युनिकोड फॉन्टच धरा.

गूगल फॉन्ट्सच्या साइटवर लिपी देवनागरी अशी गाळणी लावता येते आणि नमुन्याच्या जागी स्वतःचं नाव टाइप करून सगळे फॉन्ट एका खाली एक बघता येतात. तिथले बहुतेक देवनागरी फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. म्हणजे विक्रीच्या मालावर, पाटीवर, लोगोत कुठेही वापरा, पैसे नाहीत. फक्त तो फॉन्टच सुटा विकायला काढायचा नाही. इतर "फ्री फॉन्ट" साइटवरून उतरवलेल्या फायलींसोबत एक छोटी मजकुराची फाइल येते, ती कुणी उघडत नाही. त्यात "फक्त वैयक्तिक वापरासाठी" असं लिहिलेलं असेल तर मसाल्याच्या पाकिटावर तो वापरता येत नाही. डेमो असं नाव असलेल्या फॉन्टांत तर निम्मी अक्षरंच नसतात.

आता काही फॉन्टांविषयी माझं मत. यादी मुद्दाम छोटी ठेवली आहे.

बालू, मुंबईच्या एक टाइप या अक्षरशाळेचा. गोल, जाड, हसरा. लाडू, चिक्की, लहान मुलांच्या दुपट्यांना छान बसतो. जाडीच्या पाच पायऱ्या मिळतात, त्यातली मधली घ्या. सगळ्यात जाड घेतली तर ब आणि ख-च्या पोकळ्या लहान लेबलवर बंद होतात. आता तो इतका सगळीकडे दिसतो की प्रदर्शनात शेजारच्या स्टॉलवरही तोच असण्याची शक्यता आहे, हे मनात धरून निवडा.

मोदक, तोही एक टाइपचाच. अतिजाड, अक्षरांच्या आतली जागा म्हणजे फक्त एक चीर. बॅनरवर फार गंमतशीर दिसतो. दोन इंची लेबलवर तो काळा डाग होतो. नाव तीन अक्षरांपेक्षा मोठं असेल तर विचारही करू नका.

यात्रा वन मुंबईच्या लोकल रेल्वेच्या हातरंगी पाट्यांवरून स्फुरलेला आहे. त्याच्यात पेंटरच्या ब्रशचं वळण आहे. आपल्याकडच्या गावांतल्या भिंतींवर, किराणा दुकानांवर अशी अक्षरं लोकांनी वर्षानुवर्षं पाहिलेली आहेत, म्हणून मसाले, पापड, लोणचं, तेल यांना तो लगेच शोभतो. "उखळ"साठी मी सुरुवात याच्यापासून करेन.

रोझा वन इंडियन टाइप फाउंड्रीचा. जाड रेषा फार जाड, बारीक रेषा केसासारख्या. चकचकीत कागदावर, हिमरू किंवा पैठणीच्या मोठ्या टॅगवर, भोवती दुसरी नक्षी नसेल तर, राजस दिसतो. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर विसरा. केसासारख्या रेषा जाळीत अडकतात आणि अक्षरं तुटकी उमटतात.

खंड आणि टेको हे दोन्ही अरुंद, उंच. "श्री तुळजाभवानी महिला गृहउद्योग" यासारखं लांबलचक नाव अरुंद पाउचवर बसवायचं असेल तर हे उपयोगी. त्यांच्यात ऊब कमी आहे, पण जागा वाचते.

कलम हा हातच्या अक्षरांसारखा. साबण, मेणबत्त्या, भेटकार्डं. खाद्यपदार्थांवर मला तो जरा पातळ वाटतो.

जैनी जैन कल्पसूत्रांच्या हस्तलिखितांतल्या वळणावर बेतलेला, बोरूच्या कापाचा ठसा असलेला. तूप, आयुर्वेदिक उटणं, धूप अशा मालाला शोभेल, पण त्याची काही अक्षरं जुन्या वळणाची असल्याने आधी चार जणांकडून वाचून घ्या.

श्रीखंड नावाचा एक देखणा फॉन्ट आहे. नाव बघून मराठी माणूस धावत जातो. त्यात गुजराती आणि रोमन अक्षरं आहेत, देवनागरी नाही.

कुणी मोडीत नाव छापायचं म्हणतं. देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंतांशी मोडीचा संबंध परंपरेने जोडला जातो, त्यामुळे मराठवाड्यात तो मोह साहजिक आहे. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली आणि नोटो सान्स मोडी फुकट मिळतो. पण वाचणारे फार थोडे. झाकणावर छोटा शिक्का म्हणून ठीक, नाव म्हणून नको. आणि इंग्रजी अक्षरांवर शिरोरेषा टांगून केलेले "इंडियन" फॉन्ट मराठी गिऱ्हाइकासमोर तरी कृपा करून वापरू नका.

माल नटलेला असेल तर अक्षरं शांत

इथे मालाच्या स्वभावाचा प्रश्न येतो, आणि माझा अनुभव लोकांच्या अंदाजाच्या उलट आहे. पैठणीच्या टॅगवर मोर, कोपऱ्यात वेलबुट्टी, मध्ये नक्षीदार फॉन्ट आणि त्यावर सोनेरी छटा असं सगळं एकदम केलं की पैठणीच फिकी पडते. काठ-पदर आधीच बोलतो आहे, टॅगने गप्प राहायचं. तिथे साधा, पुष्कळ मोकळी जागा ठेवलेला फॉन्ट महाग दिसतो. वाकळीचंही तसंच, चिंध्यांचे रंग आणि टाके हाच देखावा.

येसर, कारळाची चटणी, हळद, जवस मात्र दिसायला साधे. तपकिरी, काळी, पिवळी पूड. तिथे नावाला आवाज पाहिजे. जाड, ठसठशीत अक्षर, एकच रंग, पाकिटाच्या निम्म्या रुंदीइतकं मोठं.

सगळ्यात लहान जागा आधी मोजा

नाव कुठे-कुठे लागणार याची आठवण करा: बरणीचं झाकण, पाउच, कापडात शिवायची पट्टी, रबरी शिक्का, व्हॉट्सॲपचा डीपी, महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनातला बॅनर. बॅनरवर काहीही चालतं. खरी परीक्षा शिक्क्यावर आणि विणलेल्या पट्टीवर होते. विणलेल्या पट्टीत दोऱ्याची जाडी ठरलेली. बारीक वेलांटी तिथे उमटतच नाही. म्हणून सगळ्यात लहान जागेत जो फॉन्ट तगतो तो पक्का करा, मोठ्या जागी तो तगणारच.

बॅनरसाठी पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब दहा फुटांमागे एक इंच अक्षराचा. तो रोमन अक्षरांवर बेतलेला आहे. देवनागरीत वर मात्रा, खाली उकार असल्याने मधलं अक्षर लहान पडतं, म्हणून मी दीडपट धरतो. पंधरा फुटांवरच्या माणसासाठी सव्वादोन इंच धरा.

कागदावर तपासणी

पडद्यावर फॉन्ट निवडून थांबू नका. तीन फॉन्ट उरले की हे करा.

लेबलच्या खऱ्या मापात, काळ्या रंगात, साध्या कागदावर तिन्ही छापा. प्रिंट काढताना "पानात बसवा" हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर माप बदलतं. कापून खऱ्या बरणीवर, खऱ्या पाउचवर चिकटवा. मग त्या छापलेल्या कागदाची झेरॉक्स काढा आणि त्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स. ज्या फॉन्टच्या बारीक रेषा दुसऱ्या झेरॉक्समध्ये उडाल्या किंवा पोकळ्या भरल्या, तो स्वस्त छपाईत टिकणार नाही.

आता ओळखीच्या किराणा दुकानात जा आणि दुकानदाराला विचारून बरणी बाकीच्या मालात ठेवा. काउंटरच्या अलीकडे उभं राहून बघा. तिथेच एखाद्या आजीला किंवा शाळकरी पोराला विचारा: "आजी, यावर काय लिहिलंय?" "कसं दिसतंय?" असं विचारू नका. त्यावर सगळे "छान आहे की" म्हणतात. काय लिहिलंय असं विचारलं की आजी डोळे बारीक करून मोठ्याने वाचतात, आणि ज्या अक्षरापाशी थांबतात तेच तुमचं दुखणं. "उर... उरवळ? काय गं हे?" असं झालं तर ख दुरुस्त करायचा किंवा फॉन्ट बदलायचा.

एक अक्षर दुरुस्त करणं शक्य असतं. इंकस्केप हे चित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे; त्यात नाव लिहून त्याचे आकार करा आणि ख-च्या खालची गाठ ओढून जुळवा. ओपन लायसन्सचा फॉन्ट असेल तर लोगोत असा फेरफार करायला काहीच हरकत नाही. उलट तेवढ्यानेच नाव "तुमचं" होतं. बालू वापरणारे शेकडो असतील, पण ख-ला उखळीचा आकार दिलेलं नाव एकच.

मांडताना

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत अक्षरं सुटी करून "उंची" लूक आणतात, देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द खिळखिळा दिसतो. ॲपमधला अक्षरांच्या अंतराचा स्लायडर शून्यावर ठेवा.

फॉन्ट आडवा ताणू नका, उभा चेपू नका. जागा कमी असेल तर अरुंद फॉन्ट घ्या. ताणल्यावर उभ्या रेघा जाड होतात, शिरोरेषा तेवढीच राहते आणि अक्षराचा तोल जातो. फ्लेक्सवर बहुतेक नावं अशीच ताणलेली असतात.

गोल झाकणावर नाव कमानीत वळवायचा मोह टाळा. बऱ्याच ॲपमध्ये अक्षर न् अक्षर वेगळं फिरवलं जातं, त्यामुळे शिरोरेषेच्या पायऱ्या होतात आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. नाव मधोमध सरळ ठेवा, कडेला वजन आणि गावाचं नाव साध्या फॉन्टमध्ये बारीक असू द्या.

नाव दोन ओळींत असेल तर वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतल्या मात्रा-वेलांट्या कुठे भिडतात ते बघा. "गुळाची" वर आणि "चिक्की" खाली आलं की गु-चा उकार चि-च्या वेलांटीत अडकतो. ओळ थोडी बाजूला सरकवली तरी भागतं.

सावली, कडा, सोनेरी छटा, तिन्ही नको. एकाच रंगात, कडेशिवाय नाव उठून दिसत नसेल तर फॉन्ट चुकला आहे. तपकिरी क्राफ्ट पाउचवर गडद तपकिरी किंवा काळा छापा. पिवळा, नारिंगी तिथे मातकट होतात. गडद रंगावर पांढरं अक्षर ठेवणार असाल तर जाडीची एक पायरी वर चढा, कारण भोवतालची शाई पसरून पांढऱ्या रेषा बारीक होतात.

बाकीचा मजकूर मुक्ता, हिंद किंवा नोटो सान्समध्ये. एका लेबलवर दोन फॉन्ट पुरेत. इंग्रजी नावही हवं असेल तर त्याच फॉन्टमधली रोमन अक्षरं वापरा. बालू, यात्रा वन, मुक्ता यांत दोन्ही लिप्या एकाच हाताने काढलेल्या आहेत, त्यामुळे जोडी जमते.

कायद्याचा मजकूर डिस्प्ले फॉन्टमध्ये नाही

पाकीटबंद मालावर घटक, निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता, तारीख ही माहिती सक्तीची. खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा १४ अंकी क्रमांक आणि शाकाहाराचं हिरवं चिन्हही. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत लागते. मराठी त्याच्या जोडीला द्यायची. फक्त मराठीत दिलेलं लेबल देखणं असलं तरी नियमाला पुरत नाही. वजनाच्या अंकांसाठी कायद्याने भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप धरलं आहे, म्हणजे इंग्रजी मजकुरात वापरतो तेच आकडे. अंकांची किमान उंचीही पाकिटाप्रमाणे ठरवून दिलेली आहे, ती छपाईआधी चालू नियमांत बघून घ्या. हा सगळा मजकूर मुक्तासारख्या साध्या फॉन्टमध्ये, काळ्यावर पांढरा किंवा पांढऱ्यावर काळा. यात कलाकारी नको.

वसमतची हळद, मराठवाड्याचा केसर आंबा यांसारख्या मालावर जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह छापायचं असेल तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी आधी करावी लागते. चिन्ह नेटवरून उचलून चिकटवू नका.

नावाचा ट्रेडमार्क करायचा असेल तर दोन वाटा आहेत. नुसत्या शब्दाचा अर्ज केला तर शब्द राखला जातो, फॉन्ट पुढे बदलला तरी चालतो. लोगोच्या चित्राचा अर्ज केला तर ते रूप राखलं जातं. व्यक्ती किंवा लघुउद्योगासाठी ऑनलाइन अर्जाची फी मालाच्या एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. मसाले ३०व्या वर्गात येतात, गोधड्या-चादरी २४व्या. दोन्हींपुरते पैसे नसतील तर आधी शब्दाचा करा. कॅन्व्हासारख्या ॲपमधला तयार लोगो थोडा बदलून वापरला असेल तर तो तुमच्या एकट्याचा होत नाही, तोच साचा दुसऱ्या कुणाकडेही असू शकतो. तिथला फक्त फॉन्ट घ्या, चित्र स्वतःचं काढा.

पेंटरला विचारायचं का?

हो, आणि जमलं तर आधी त्यालाच. मराठी नाटकांच्या जाहिरातींतली कमल शेडगे यांची शीर्षकं आठवा. ती फॉन्टमध्ये टाइप केलेली नव्हती, त्या-त्या नावासाठी काढलेली होती. फ्लेक्समुळे पाटीचं काम गेलेले पेंटर अजून तालुक्या-तालुक्याला आहेत. नाव एकदा ब्रशने पांढऱ्या कागदावर काळ्या रंगात काढून घ्या, किमान सहा इंच रुंद, दोन-चार नमुने. ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि इंकस्केपमध्ये बिटमॅप ट्रेस करा, म्हणजे स्कॅनमधल्या अक्षरांचे आकार करून घ्या. असं नाव कुणाच्याच संगणकात सापडणार नाही. किती पैसे द्यायचे ते आधी ठरवा, आणि हे अक्षर तुम्ही मालावर कायम वापरणार आहात हे त्याला स्पष्ट सांगा.

छापायला देताना

प्रेसवाला म्हणेल, "फाइल कर्व्ह करून पाठवा." म्हणजे अक्षरांचे आकार करून द्या. तसं न करता पाठवलं आणि त्याच्याकडे तो फॉन्ट नसला तर मशीन मनाने दुसराच फॉन्ट लावतं. जुन्या कोरलमध्ये किंवा वर्ल्ड-रेडी पर्याय बंद असलेल्या फोटोशॉपमध्ये तर ऱ्हस्व वेलांटी जागा सोडून पुढे जाते आणि "शिदोरी"चं "शदिोरी" होतं. कर्व्ह करण्याआधीची, मजकूर बदलता येईल अशी मूळ फाइल मात्र स्वतःजवळ वेगळी ठेवा. वजन किंवा किंमत बदलली की तीच लागते.

पीडीएफ छपाईसाठी, एसव्हीजी कुठल्याही मापासाठी, पारदर्शक पीएनजी मोबाइलसाठी, आणि एकरंगी काळी आवृत्ती शिक्का व स्क्रीन प्रिंटिंगसाठी: या चार फायली करून गटातल्या किमान दोघींच्या फोनवर ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र आक्रसून अक्षरांच्या कडा फाटतात.

पहिल्यांदा हजार लेबलं छापू नका. बारा बाय अठरा इंचाच्या डिजिटल स्टिकर शीटवर पन्नास मिलिमीटर व्यासाची चाळीसच्या आसपास लेबलं बसतात. तेवढीच काढा, बरण्यांना लावा, तेलकट हाताने दोनदा पुसा, एक बरणी आठवडाभर उन्हात ठेवा. अक्षर फिकं पडलं किंवा फुगलं तर कागद बदला किंवा वर लॅमिनेशन घ्या. मोठ्या ऑर्डरआधी छापील प्रूफ मागा, मोबाइलवरचा फोटो नको. त्यावर नाव, वजन, तारीख अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचा, ख-ची गाठ, ऱ्य आणि ग्रॅमचा चंद्र बघा, आणि मगच सही करा.